जोडीदाराचा परवाना आणि दूरदेशीचा मालक: भोसरी–चाकण पट्ट्याची सहा दशके

जोडीदाराच्या परवान्यावर एका देशात राहायचे आणि दुसऱ्या देशातल्या मालकाची नोकरी घरात बसून करायची, ही गोष्ट भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात आज दोन्ही दिशांनी घडते. इथला इंजिनिअर श्टुटगार्टला ऑनसाइट जातो, तेव्हा त्याची बायको हिंजवडीतली नोकरी लॅपटॉपसकट सोबत नेऊ पाहते. चाकणच्या मोटार कारखान्यात दोन-तीन वर्षांसाठी आलेल्या जर्मन अधिकाऱ्याची पत्नीही पुण्यातल्या फ्लॅटमधून मायदेशच्या कंपनीचे काम चालू ठेवू पाहते. दोघींची गरज सारखीच आहे. कायद्याने मात्र त्यांना अगदी वेगवेगळ्या जागी नेऊन ठेवले आहे. याची कारणे या पट्ट्याच्या आणि परदेशी परवान्यांच्या गेल्या सहा दशकांच्या इतिहासात सापडतात.

हा पट्टा परदेशी सहकार्यावरच उभा राहिला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. १९६० च्या सुमारास दापोडीत सँडविक आणि अ‍ॅटलास कॉप्को या स्वीडिश कंपन्या आल्या, पिंपरीत जर्मन पंपांची केएसबी आली, चिंचवडला बेअरिंगांची एसकेएफ आली. आकुर्डीच्या बजाज टेम्पोचे तंत्रज्ञान हँबुर्गच्या हारबुर्ग भागातल्या टेम्पो कारखान्याचे होते. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले आणि भोसरीच्या माळरानावर प्लॉट पडले. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या सेंच्युरी एन्काने डच तंत्रज्ञानाच्या आधारे भोसरीत नायलॉनच्या धाग्याचा कारखाना उभारला. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी लेथ आणि मिलिंगची शेकडो वर्कशॉप या प्लॉटांवर आली. १९७० मध्ये भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि पिंपरी ही चार गावे मिळून नगरपालिका झाली, तोवर परदेशी तज्ज्ञाची मोटार हे इथल्या रस्त्यावरचे नवल राहिले नव्हते.

तांत्रिक सहकार्याच्या अशा करारांत तिकडचे तज्ज्ञ काही काळ इकडे येत आणि इकडची माणसे प्रशिक्षणासाठी तिकडे जात. इथे येणाऱ्या परदेशी माणसाला १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा लागू असे. पोलिसांकडच्या नोंदणीत तो कोणत्या कामासाठी आला ते लिहिले जाई आणि त्याच्या पत्नीची नोंद त्याच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून होई. तिच्या स्वतःच्या नोकरीचा प्रश्न त्या काळी क्वचितच निघाला असेल, कारण नोकरी आणि नोकरीची जागा एकच असे. हँबुर्गमधली शिक्षिका पिंपरीत आली की तिची शाळा हँबुर्गलाच राहिली. तिने इथे नवी नोकरी धरू नये एवढेच कायद्याला पाहायचे होते, आणि ते त्याला जमत होते.

भारताची ही मांडणी पुढे फारशी बदलली नाही. परदेशी नागरिकाला नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो आणि तो भारतातल्या विशिष्ट कंपनीतल्या विशिष्ट पदाशी बांधलेला असतो. २०१० पासून त्यासाठी वर्षाला किमान २५,००० डॉलर पगाराची अट आली आणि पुढे ती १६.२५ लाख रुपये अशी रुपयांत ठरली. जोडीदाराला मिळतो तो एंट्री व्हिसा. त्यावरचे इंग्रजी अक्षर ‘एक्स’ आणि मुदत मुख्य व्हिसाइतकीच. त्यावर नोकरी करता येत नाही. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत नोंदणी करायची. घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत कळवायची. २०१८ पासून ही नोंदणी ई-एफआरआरओ या ऑनलाइन व्यवस्थेत होते. कागद गेले, स्क्रीन आली, पण जोडीदाराने भरायच्या अर्जात तिचा स्वतःचा पोटापाण्याचा व्यवसाय आजही बाजूलाच राहतो.

इथून बाहेर जाणाऱ्यांची गोष्ट लांबची आणि वळणांची आहे. या पट्ट्याचा सगळ्यात जुना संबंध जर्मनीशी असल्याने ती तिथूनच सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने इटली, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया या देशांतून कामगार बोलावले आणि तेलसंकटाच्या तोंडावर, २३ नोव्हेंबर १९७३ रोजी, ही भरती एका आदेशाने बंद केली. बरेच कामगार मात्र परतले नाहीत. त्यांनी कुटुंबे बोलावून घेतली. त्यावर सरकारने उपाय काढला तो असा की नव्याने आलेल्या जोडीदाराला कामाचा परवानाच द्यायचा नाही. १९७४ च्या अखेरीची तारीख त्यासाठी ठरवली गेली. पुढे तारखेऐवजी वाट पाहण्याची वर्षे आली, जोडीदारासाठी चार. लग्न करून गेलेली बाई चार वर्षे कायद्याने घरी. हे नियम भारतीयांना नजरेसमोर ठेवून केलेले नव्हते, पण तिथे गेलेल्या भारतीय कुटुंबांनाही ते तसेच लागू झाले. एका अख्ख्या पिढीतल्या शिकलेल्या स्त्रियांचे उमेदीचे दिवस या नियमाने खाल्ले. ही किंमत हिशेबात कुठेच धरली गेली नाही आणि ती धरली जायला हवी होती.

१ ऑगस्ट २००० रोजी जर्मनीने संगणक तज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ योजना सुरू केली. तिची मर्यादा २०,००० माणसांची होती. उच्च शिक्षणाची पदवी हवी, नाहीतर वर्षाला एक लाख मार्क पगार. त्याच वर्षी एका प्रांताच्या निवडणूक प्रचारात भारतीयांऐवजी स्वतःची मुले घडवा अशा अर्थाची घोषणा गाजली होती. या योजनेत पुण्याहूनही माणसे गेली. त्यांच्या जोडीदारांना कामासाठी आधी वर्षभर थांबावे लागे आणि त्यानंतरही ती जागा भरायला जर्मन किंवा युरोपीय माणूस मिळत नाही हे तपासले जाई. १ जानेवारी २००५ पासून स्थलांतराचा नवा कायदा आला. त्याने जोडीदाराचा कामाचा हक्क नवऱ्याच्या हक्काला बांधला, म्हणजे त्याला जेवढी मोकळीक तेवढीच तिला. २००७ मध्ये आणखी एक अट आली. जोडीदाराने येण्याआधीच जर्मन भाषेची ए-वन ही पायरी पार केलेली असावी. त्यामुळे पुण्याच्या बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनातल्या परीक्षेला नव्या प्रकारच्या विद्यार्थिनी येऊ लागल्या. लग्न झाले आहे, नवरा तिकडे आहे आणि निकालावर विमानाचे तिकीट अवलंबून आहे, अशा.

कोंडी फुटली २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत. १ ऑगस्ट २०१२ पासून उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचे युरोपीय ब्लू कार्ड देणे सुरू झाले. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला भाषेची अट नाही आणि पहिल्या दिवसापासून कोणतेही काम करण्याची मुभा. सप्टेंबर २०१३ मध्ये ही मुभा कुटुंब म्हणून येणाऱ्या सर्वच परवानाधारकांना मिळाली. आज या परवान्यासोबत ‘अर्थार्जनास परवानगी’ अशी नोंद मिळते. या नोंदीत नोकरीही येते आणि स्वतंत्र व्यवसायही येतो. मालक कोणत्या देशातला असावा याबद्दल तीत काही म्हटलेले नाही. म्हणून पुण्यातल्या कंपनीचे काम श्टुटगार्टच्या घरातून करायला परवान्याच्या बाजूने हरकत उरत नाही. अडचण पुढे येते, ती दुसऱ्याच खात्यांकडून.

अमेरिकेचा रस्ता वेगळा आणि जास्त खडतर. तिथल्या कायद्यात १९७० च्या दुरुस्तीने एच-४ हा जोडीदाराचा व्हिसा आला. कंपनीने बदलीवर पाठवलेल्यांसाठीचा एल व्हिसाही त्याच दुरुस्तीतला. एल-२ वरच्या जोडीदारांना कामाची परवानगी २००२ मध्ये मिळाली. एच-४ वरच्यांना ती मिळायला २६ मे २०१५ उजाडले, आणि तेव्हाही नवऱ्याचा ग्रीन कार्डचा मामला ठराविक टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे हे मराठी घरांना सांगायला नको. परवानगी येईपर्यंत पुण्यातल्या जुन्या कंपनीचे काम घरून करावे का, हा प्रश्न न्यू जर्सीपासून सनीव्हेलपर्यंत विचारला गेला. तिथल्या नियमांत नोकरी म्हणजे अमेरिकेच्या हद्दीत मालकासाठी केलेली सेवा. मालक परदेशी असला आणि पगारही परदेशात जमा झाला तर काय, हे त्यात स्पष्ट लिहिलेले नाही. पुढच्या प्रत्येक अर्जावर याची सावली पडू शकते, म्हणून सावध माणूस त्या वाटेला जात नाही.

मुळात काम घरी नेता येण्यासारखे झाले कधी? याचे उत्तरही या पट्ट्याजवळच सापडते. भोसरी एमआयडीसीतल्या इलेक्ट्रॉनिक सदनाच्या इमारतींत छोट्या इलेक्ट्रॉनिक आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी गाळे घेतले होते. १९९० मध्ये पुण्यात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली. उपग्रहाच्या जोडणीवरून परदेशी ग्राहकाचे काम इथून करून पाठवण्याची सोय या योजनेने झाली. मालाचा ट्रक न हलता निर्यात होऊ लागली. १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले आणि हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिल्यावर या कामाचे केंद्र तिकडे सरकले.

तरीही काम इमारतीशीच बांधलेले राहिले, आणि त्यामागे सरकारी नियमही होते. परदेशी ग्राहकांना फोन आणि डेटावरून सेवा देणाऱ्या कंपन्यांना दूरसंचार खात्याकडे ‘अदर सर्व्हिस प्रोव्हायडर’ म्हणून नोंदणी करावी लागे. २००८ च्या अटींनुसार कर्मचाऱ्याला घरून काम करू द्यायचे असेल तर कंपनीने एक कोटी रुपयांची बँक हमी द्यायची आणि घरापर्यंत बंदिस्त खासगी जोडणी न्यायची. एवढा खटाटोप कोण करणार! मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तशा या अटी सैल केल्या गेल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या नियमांनी बँक हमी काढून टाकली. हिंजवडी आणि तळवड्याच्या इमारती ओस पडल्या, काम मात्र अडले नाही. भोसरीच्या इंद्रायणीनगरातून जे काम होते ते श्टुटगार्टजवळच्या सिंडेलफिंगनमधून का होणार नाही, असा विचार त्यानंतरच घराघरांत सुरू झाला. २०२० आधी नवऱ्याची बदली झाली की बायको रिलीव्हिंग लेटर घेई. २०२० नंतर ती आधी मॅनेजरला विचारू लागली.

त्या सिंडेलफिंगनच्या घरातला दिवस असा जातो. हिवाळ्यात भारताचे घड्याळ जर्मनीच्या साडेचार तास पुढे असते, उन्हाळ्यात साडेतीन. पुण्यात सकाळी दहाला असलेली टीमची रोजची बैठक तिथे जानेवारीत पहाटे साडेपाचला येते. बाहेर काळोख, खिडकीखालच्या हीटरवर मुलाचे ओले मोजे, स्वयंपाकघराच्या टेबलावर कंपनीचा लॅपटॉप, आणि कॉल चालू असताना मूल उठू नये म्हणून ओढून घेतलेले दार. त्याची भरपाई म्हणून दुपारी अडीचच्या सुमारास पुण्याचे ऑफिस मिटते आणि मुलाला किंडरगार्टनमधून आणायला वेळ मिळतो. पुण्यात असताना ज्या तासांना सासूबाई किंवा कामाच्या मावशी घर सांभाळत, तेच तास आता एकटीने पेलायचे असतात.

हे महिना-दोन महिने चालले तर कुणी विचारत नाही. सहा महिने उलटले की तीन खाती तीन वेगवेगळे प्रश्न विचारतात, आणि या विषयातला बहुतेक गोंधळ तिन्हींना एकच समजल्याने होतो. परवान्याचे खाते विचारते, काम करायचा हक्क आहे का? तो आहे. कराचे खाते विचारते, काम करताना माणूस कुठे बसले होते? जर्मनीत घर असेल किंवा सहा महिन्यांहून अधिक वास्तव्य असेल तर जगभरचे उत्पन्न तिथे जाहीर करावे लागते. भारत आणि जर्मनीतल्या १९९५ च्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराप्रमाणेही जर्मनीत राहून, जर्मनीत बसून मिळवलेल्या पगारावर कर लावण्याचा हक्क जर्मनीचा. पुण्यातली कंपनी मात्र सवयीने टीडीएस कापत राहते. अनिवासी व्यक्तीचा पगार भारतातल्या खात्यात जमा झाला तर भारतीय कायदाही त्याकडे करपात्र म्हणून बघतो. मग कराराचा फायदा मागण्यासाठी जर्मन वास्तव्याचा कर-दाखला काढा, विवरणपत्र भरा, परतावा मागा, अशी धावपळ सुरू होते. पगाराचे ते खातेही परकीय चलन कायद्याप्रमाणे अनिवासींसाठीचे एनआरओ खाते करून घ्यावे लागते. अनेकजणींना हे बँकेने केवायसीसाठी अडवल्यावरच कळते.

तिसरा प्रश्न सामाजिक विम्याचा, आणि सगळ्यात जड तोच. जर्मन कायद्यानुसार जो जर्मनीत काम करतो त्याचा निवृत्ती, आजारपण आणि बेकारीचा विमा जर्मनीत हवा, मालक कुठलाही असो. भारत आणि जर्मनीत याबाबत करार आहे. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू आहे. कंपनीने स्वतः जर्मनीत पाठवलेल्या कर्मचाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडून दाखला मिळतो आणि ४८ महिन्यांपर्यंत जर्मन निवृत्ती व बेकारी विम्याच्या वर्गणीतून सूट मिळते. पण इथे कंपनीने पाठवलेले नसते. बाई नवऱ्याबरोबर गेलेली असते आणि कंपनीने फक्त होकार दिलेला असतो. त्यामुळे करार तिला आडोसा देत नाही. पुण्यातल्या कंपनीने जर्मनीत मालक म्हणून क्रमांक घ्यायचा आणि दरमहा वर्गण्या भरायच्या, असा त्याचा अर्थ होतो. ‘जर्मनीत आपली एंटिटी नाही’ हे एचआरचे वाक्य इथे येते आणि बोलणे बहुधा तिथेच संपते. शिवाय घरून चाललेल्या कामामुळे कंपनीचे जर्मनीत कायमचे कार्यस्थळ आहे असे ठरले तर नफ्यावरही कर लागेल, ही कंपनीची भीती. ग्राहकाशी झालेल्या करारात काम भारतातूनच होईल असे कलम असले तर एवढाही विचार होत नाही.

ज्या मोठ्या कंपन्यांची जर्मनीत शाखा आहे त्या कधी बदली करून तिकडच्या पगारपत्रकावर घेतात. हीच वाट सगळ्यात सरळ. दुसरी वाट फ्रीलान्सची. स्थानिक कर कार्यालयात नोंद करून कर क्रमांक घ्यायचा आणि पुण्यातल्या कंपनीला दरमहा इन्व्हॉइस पाठवायचे. पण ग्राहक एकच, कामाचे तास त्याचेच आणि हुकूमही त्याचाच असेल, तर जर्मन यंत्रणा याला नावापुरता स्वतंत्र व्यवसाय म्हणते आणि मागच्या वर्गण्या मागू शकते. आरोग्य विम्याचाही हिशेब बदलतो. नवऱ्याच्या विम्यात जोडीदार फुकट बसतो, पण २०२५ मध्ये त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा महिन्याला ५३५ युरो होती. त्यापुढे स्वतःचा विमा आला. पुण्याचा पगार रुपयांत आणि विम्याचा हप्ता युरोत, हे गणित अनेक घरांत जुळत नाही आणि नोकरी आपोआप सुटते.

आता उलटी दिशा. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ पिंपरीत आली आणि २००९ मध्ये चाकणला गेली. फोक्सवागनच्या चाकण प्रकल्पाचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले. त्यांच्यामागोमाग सुटे भाग बनवणारे जर्मन उद्योगही आले आणि पुण्यात परदेशी कुटुंबांची वर्दळ वाढली. या कुटुंबांतल्या जोडीदाराच्या मालकाला पुण्यातून केलेले काम बहुधा चालते. वेळेचा फरक तर इथे सोयीचा, कारण जर्मनीतली सकाळची नऊची बैठक पुण्यात दुपारी येते. अडते ते परवान्यापाशी. एंट्री व्हिसावर नोकरी नाही, आणि एम्प्लॉयमेंट व्हिसा मागावा तर भारतात तिला नोकरी देणारी कंपनीच नाही. दूरदेशीच्या मालकाचे काम इथे बसून करण्यासाठी वेगळा व्हिसा भारताने केलेला नाही. कराच्या बाबतीत मात्र कायदा बोलका आहे. भारतात बसून दिलेल्या सेवेचा पगार भारतात मिळवलेला पगार मानला जातो, मग तो फ्रँकफुर्टच्या बँकेत का जमा होईना. कर भरण्याची जबाबदारी मानायची आणि काम करण्याचा हक्क मानायचा नाही, ही विसंगती आहे आणि ती दूर करणे सरकारच्या हातात आहे. भारतीय किंवा ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) व्यक्तीशी लग्न झालेल्या परदेशी जोडीदाराला नोंदणीकृत विवाहाला दोन वर्षे झाल्यावर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. ते मिळाले की व्हिसाचा हा प्रश्न मिटतो. बदलीवर आलेल्या जर्मन जोडप्याला ही सोय नाही.

इतर देशांचे नियम थोडक्यात सांगता येतात. जपानमध्ये कुटुंब म्हणून राहणाऱ्याला वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. सिंगापूरमध्ये पूर्वी जोडीदाराला संमतीपत्रावर नोकरी करता येई, पण १ मे २०२१ पासून बहुतेकांना स्वतःचा कामाचा पासच लागतो. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदाराला जवळजवळ पूर्ण मोकळीक आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून भारतात १९३९ आणि १९४६ चे ते जुने कायदे जाऊन स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. नोंदणीची चौकट त्याने नव्याने बांधली, पण जोडीदाराच्या कामाबद्दल वेगळे काही दिले नाही. दरम्यान जाणाऱ्यांची जातकुळी बदलते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबेर्ग या जर्मन प्रांताशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा कामांचा विचार आहे. असा इलेक्ट्रिशियन भोसरीतून गेला आणि त्याची बायको त्याच एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये व्हर्निअर आणि मायक्रोमीटर घेऊन तयार मालाची तपासणी करत असली, तर तिची नोकरी लॅपटॉपमध्ये मावत नाही. तिला तिथे काम करण्याचा हक्क परवान्याने मिळेल. काम मात्र जर्मन भाषा शिकून, तिथल्या मालकाकडे, नव्याने शोधावे लागेल.